हरताळचा मालक

जाईबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होई. त्या वेळी नायगावच्या बीडीडी चाळीत नळाला पाणी येई. पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, डबा बांधायचा आणि सातच्या भोंग्याआधी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात उभं राहायचं. दिवसभर उभ्यानं सूत गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची. नवरा वारल्यापासून हेच. छप्पन सालापासून त्यात एका कुत्र्याची भर पडली.

हे कुत्रं तिला संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनं दिलं, असं म्हणायला हरकत नाही. त्या जानेवारीत मुंबई पेटली होती. गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, गिरण्या, दुकानं, बसगाड्या सगळं बंद. चाळीच्या जिन्याखाली एक पिल्लू केकाटत होतं. पुरुषमंडळी घरीच होती, करायला काही नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना एकदम भूतदया सुचली. हरताळात सापडलं म्हणून नाव ठेवलं हरताळ. नाव ठेवायला कष्ट पडत नाहीत.

त्या काळात चार माणसं जमली की समिती व्हायची. पिल्लाचीही झाली. बुधाजीभाऊ अध्यक्ष, जगदीश चिटणीस. ठराव झाला, की हा कुत्रा कोणा एकाचा नाही, अख्ख्या चाळीचा आहे. टाळ्या पडल्या. पिल्लाला दूध कोण पाजणार हा विषय वेळेअभावी राहून गेला. दूध जाईबाईनं पाजलं. घाण तिनंच काढली. उन्हाळ्यात जिन्याखाली पाण्याचं वाडगं तिनंच ठेवलं. समितीनं माया केली.

जगदीशच्या मायेपायी एकदा तळलेल्या बांगड्याचा काटा हरताळच्या घशात अडकला. जाईबाईनं जबडा उघडून काटा ओढून काढला. कळवळलेल्या कुत्र्याचा दात तिच्या बोटात रुतला. मग रोज हॉस्पिटलात जाऊन पोटात सुया घ्यायच्या आणि तिथून गिरणीत उभं राहायला जायचं, असे बरेच दिवस गेले.

जगदीश म्हणाला, "एक काटा दिला तर एवढं काय गं, जाईबाय?"

"तू गिळून दाखव की मग. त्याला काटा नाही, कोंबडीचं हाड नाही. खात असला की अंगावर जायचं नाही. पोरांनी शेपूट ओढायचं नाही."

"लई कायदे बाबा तुझे! कुत्रा आहे की कलेक्टर?"

"तुला चावला की समजंल."

खरी भीती वेगळीच होती. म्युनिसिपालटीची पिंजऱ्याची गाडी सकाळी फिरायची. गळ्यात बिल्ला नसलेलं कुत्रं फास टाकून उचलायचे. मालक सोडवायला गेला नाही, तर ते कुत्रं पुन्हा कोणाला दिसत नसे. बिल्ला हवा तर कुत्र्याला सुई टोचून आणायची, फी भरायची आणि मालक म्हणून एकाचं नाव लिहून द्यायचं. एकाचं नाव म्हटल्यावर समिती अडली. चर्चा मात्र उत्तम झाली.

आणि एक दिवस पहिल्या पाळीच्या वेळेला गाडी आली. हरताळ रस्त्यावर. फासवाला त्याच्यामागे. जाईबाई डबा टाकून जिना उतरली आणि रस्त्यावर धावत ओरडू लागली, "हरताळ! ए हरताळ! अरे थांबवा! हरताळ!"

तिची हाक कामावर निघालेल्या माणसांनी ऐकली.

"काय रे, आज हरताळ?"

"जाईबाय ओरडतेय बघ, थांबवा म्हणून."

"पुकारला कुणी?"

"समितीनं! आणखी कोण पुकारणार?"

समिती कसली, हे कोणी विचारलं नाही. चळवळीचे दिवस होते. माणसं जागच्या जागी वळली. इराण्यानं हॉटेलच्या फळ्या लावल्या. भाजीवाल्यानं टोपली उचलली. बसवाल्यानं प्रवासी उतरवले. हरताळ म्हणजे आता दगड येणार, हे पिंजऱ्याच्या गाडीवाल्यांना अनुभवानं माहीत होतं. ते हातातला फास तिथंच टाकून पळाले. सगळं नायगाव दहा मिनिटांत बंद झालं. हरताळ तेवढा बंद फळ्यांपुढे बसून कान खाजवत होता.

पोलीस आले. जमादारानं विचारलं, "हरताळ कोणी पुकारला?"

"मी," जाईबाई म्हणाली.

"तू? कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुत्र्याला हाक मारायला सांगावं लागतं व्हय?"

जमादारानं कुत्र्याकडे बघितलं, बाईकडे बघितलं. "नाव बदल त्याचं," म्हणाला, आणि हसू दाबत निघून गेला.

चाळीत कोणी हसलं नाही. खरी गोष्ट कळेपर्यंत गिरणीचा दरवाजा बंद झाला होता. सगळ्यांचा रोज बुडाला, जाईबाईचाही. संध्याकाळी समिती बसली.

"जाईबाई, तुझ्या कुत्र्यानं आमचा रोज बुडवला," बुधाजीभाऊ म्हणाले.

"माझ्या? काल रात्रीपर्यंत चाळीचा होता ना, भाऊ?"

"माझगावला गोदीत सोडू त्याला," जगदीशनं सुचवलं. "उंदीर लई आहेत. मजेत राहील."

"सोडायला जाणार कोण? नाव सांगा."

सगळे छताकडे बघू लागले. मग जगदीशलाच सुचलं, "उद्या गाडी येणारच आहे. आपण काही करायचीच गरज नाही." हा ठराव कोणालाच जड गेला नाही.

जाईबाई उठली. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. म्हणजे आणखी एक रोज गेला. हरताळला दोरी बांधून तिनं परळच्या जनावरांच्या इस्पितळात नेलं, सुई टोचून घेतली, आणि तशीच म्युनिसिपालटीच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

कारकुनानं विचारलं, "मालकाचं नाव?"

जाईबाईनं पदर सावरला. "नाव कसं घेऊ? वारले ते."

"वारले? मग कुत्रा कोणाकडे असतो?"

"माझ्याकडं."

"खायला कोण घालतं?"

"मीच."

"कोणाला चावला तर जबाबदार कोण?"

"मलाच चावून झालाय."

मागची रांग हसली. कारकून म्हणाला, "अहो बाई, मी कुत्र्याचा मालक विचारतोय. तुमचे नव्हेत."

जाईबाईनं हरताळची दोरी जवळ ओढली. खोली नवऱ्याच्या नावावर होती, रेशनकार्डही. चाळीत तिच्या नावावर काही म्हणजे काही नव्हतं.

"मालकीण लिहू?" कारकुनानं विचारलं.

"छापलंय काय?"

"मालक."

"मग तेच राहू द्या. पुढं जाईबाई लिहा."

संध्याकाळी बुधाजीभाऊंनी जिन्यात बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "बघा, आपल्या चाळीचा कुत्रा! समितीनं मनावर घेतलं की होतं."

"भाऊ, बिल्ला सोडा. त्याला जेवू द्या," जाईबाई म्हणाली.

त्या पगारात तिला वहाणा घ्यायच्या होत्या. दिवसभर उभं राहून टाचा फुटल्या होत्या. पगारात दोन रोज कमी आले आणि उरलेल्यातून एक सुई, एक चामड्याचा पट्टा आणि एक पितळी बिल्ला आला.