पन्ह्याचा पहिला पेला

पडदा वर जातो. कोलकात्याच्या बागबाजारातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, रविवारची उकडती दुपार. चैत्रगौर झोपाळ्यावर बसली आहे, पुढे कलिंगडाची कमळं, कैरीची डाळ. आणि दाराशी पन्ह्याचं पातेलं सांभाळत उभी आहे आपली नायिका, ऋता. वय एकतीस, जन्म आणि शाळा-कॉलेज सगळं कोलकात्यात. साडी नेसली आहे खरी, पण निऱ्या सुटतील म्हणून एक हात तिथेच.

"या, या, पन्हं खाऊन घ्या!" तिने पहिल्या पाहुणीला म्हटलं आणि जिन्यापर्यंत हशा गेला.

"पन्हं पितात गं, माझे बंगालीबाई!" वृंदाकाकू आतून ओरडल्या. ऋताची सख्खी काकू, निवृत्त शिक्षिका. मराठीला लागलेला बंगाली वारा त्यांना लगेच कळे. बंगालीत पाणीसुद्धा खातात, त्याला ऋता काय करणार!

चाळीसजणींना बोलावलं होतं. पुरावं म्हणून ऋताने प्रत्येकीला अर्धाच पेला दिला. हळदीकुंकू आटोपलं तेव्हा पातेल्यात तिसरा हिस्सा उरला होता.

"हे कोणासाठी राखलंस?"

"शेवटी कमी पडलं असतं तर, काकू?"

"म्हणून सगळ्यांना अर्धं तहानलेलं ठेवलंस? अगं, जिना चढून आलेल्या बाईचा घसा कोरडा असतो. तेव्हा भरून द्यावं. डाळ खाऊन ती टेकली की पेला पुढे केलास तरी नुसते ओठ लावते. आणि माणसं उठायच्या आत पातेलं रिकामं. उरलेलं कुणाच्या कामाचं?"

ऋता डाव हातात धरून उभीच राहिली. उरलं म्हणून बोलणी तिने मंगळवारी ऑफिसातही खाल्ली होती.

सॉल्ट लेकच्या सेक्टर फाईव्हमध्ये बसून ऋता शर्यतीच्या गाडीची वीज वाटते. त्या गाडीत पेट्रोलच्या इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असते. ब्रेक लावला की बॅटरी भरते, वेग घेताना रिकामी होते, आणि दर फेरीला जास्तीत जास्त किती वीज वापरायची ते नियमाने ठरलेलं. ती कुठे किती सोडायची, याचा तक्ता ऋताचा. मागच्या शर्यतीत तिने वीज रस्त्याच्या सगळ्या सरळ पट्ट्यांवर सारखी वाटली, वर अडीअडचणीला थोडी राखली. तिसरा नंबर हातभराने हुकला, गाडी चौथी आली, बॅटरीत राखलेली वीज तशीच. शौनकदा, तिचे साहेब, एवढंच म्हणाले होते, "पुन्हा उरली, तर तक्ता पुण्याच्या निखिलकडे जाईल."

पाच वर्षं तिने जीव लावलेलं काम! सोमवारी सकाळी ती नव्या तक्त्याला बसली. हळू वळणातून गाडी बाहेर पडते तिथे भरपूर वीज. पट्टा संपत आला, गाडी वेगात आली, की बंद. तिथे कितीही ओतली तरी वारा खाऊन टाकतो.

पुढच्या रविवारी शर्यत जपानमध्ये होती. तिथली दुपार म्हणजे आपली सकाळ. पडद्यावर गाडी चौथीच होती, फेऱ्या तीन उरलेल्या.

"की रे ऋता," शौनकदा बंगाली ढंगात ओरडले, "अर्ध्या पट्ट्यावर वीज बंद? मागचा गिळेल आपल्याला!"

"तिथे गाडीचं पोट भरलेलं असतं, शौनकदा. वळणाकडे बघा."

मागचा खरंच जवळ आला. ऋताने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग ते हळू वळण आलं, आणि गाडी अशी सुटली की पुढची गाडी जागीच थांबल्यासारखी वाटली. तिसरी! उरलेल्या फेऱ्यांत जागा टिकली. रेघ ओलांडली तेव्हा बॅटरीचा आकडा एक टक्क्यावर होता.

शौनकदांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आकडा पुन्हा पाहिला. "हे शिकलीस कुठे?"

"हळदीकुंकवात," ऋता म्हणाली. त्यांना काही कळलं नाही. "तक्ता तुझ्याकडेच राहू दे," म्हणून ते चहा सांगायला गेले.

ती मात्र चहाला थांबली नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण अशी बातमी फोनवर सांगतात का? रिक्षा, बस, मग बागबाजारचा तो उभा जिना. वर पोचेपर्यंत घशाला कोरड पडली. काकूंनी दार उघडलं.

"काय झालं? अगं, बोल ना!"

ऋता उंबरठ्यावरच धापा टाकत हसली. "काकू, पातेलं रिकामं केलं, अगदी चाटूनपुसून! आता मला भरून पेला दे, पन्हं खाते!"