पिशोरच्या गिरणीतला गिअर

खाला आधी डोळे मिटायची. मग तुटका पार्ट मांडीवर घेऊन त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायची. गिऱ्हाईक काही सांगू लागलं की म्हणायची, "तू गप. याला बोलू दे."

जुन्या मोंढ्याच्या बाजाराजवळ आमच्या छापखान्याला लागून तिचं जुन्या पार्टांचं दुकान होतं. खाला, म्हणजे मावशी, असंच तिला सगळे म्हणायचे. संभाजीनगरापासून समुद्र कुठल्या कुठं, तरी बोटींच्या जुन्या डिझेल इंजिनांचे पार्ट शोधत लोक तिच्याकडं यायचे. तुम्हीही ऐकलं असेल दुकानदारांचं ते वाक्य : 'आता मिळत नाही, नवीन घ्या.' चांगलं लोखंड भंगारात घालायला लावणारा हा धंदा मला आजही गुन्हाच वाटतो. खाला एवढंच म्हणायची, "कंपनी बंद झाली. इंजिन नाय."

एका हिवाळ्यात नाथसागर धरणाच्या पाण्यावरचा नावाडी आला. त्याच्या बोटीच्या डिझेल पंपाच्या गिअरचे तीन दात उडाले होते. सोमवारी सरकारी साहेब बोटीच्या पाहणीला येणार होते. बोट चालली नाही तर ती भंगारात, आणि पलीकडच्या वस्तीतल्या पोरींना शाळेसाठी अर्ध्या दिवसाचा वळसा. गिअरवरचा नंबर लिहून नेऊन त्यानं दुसरा मागवला होता. तो बसलाच नव्हता.

"हा साच्याचा नंबर, भाऊ, गिअरचा नाय," खाला म्हणाली. "कुंभाराचा ठसा बघून मडक्याचं झाकण घेतो का?"

"मग बोटीचा गिअर कुठं मिळंल, खाला?"

तिनं दात मोजले, मधल्या भोकात करंगळी घातली. "बोटीचा कोण म्हणलं? गिरणीचं इंजिन आहे हे. पाण्यावर नेऊन बसवलंय फक्त."

तिनं गावोगावच्या गिरण्यांना फोन लावले. पिशोरचा गिरणीवाला म्हणाला, "आहे तसलंच." पण खालाचा फोनवर भरवसा नव्हता. मी म्हणाले, पार्ट बंद करणाऱ्या या कंपन्यांविरुद्ध पत्रकच काढते.

"काढ की. पण आधी पिशोरला चल."

एसटीनं गेलो. गिरणी आता विजेवर चालत होती, इंजिन कोपऱ्यात पडलं होतं.

"न्या काढून," गिरणीवाला म्हणाला. "धा वर्सं त्याच्यावर नुसतं मांजर झोपतंय."

खालानं कव्हर उघडून तुटका गिअर आतल्या गिअरला भिडवला. दातात दात बसला. ती लाजल्यासारखी हसली.

सोमवारी साहेब काठावर कागद घेऊन उभे होते आणि नावाडी शेवटचा बोल्ट आवळत होता.

"कशाला त्रास घेता, मावशी? म्हातारं इंजिन आहे."

"माझ्यापेक्षा ल्हान आहे, साहेब."

नावाड्यानं हँडल मारलं. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा काळा धूर निघाला आणि सगळा काठ धडधडू लागला.

"एक फेरी मारून दाखवा," साहेब म्हणाले.

"रिकामी कशाला?" खाला म्हणाली आणि ओढणी खोचून बोटीत चढली. पार्ट विकण्यात जन्म गेला, पण बोटीत ती पहिल्यांदाच बसत होती.

बोट परत आली ती दप्तरं घेतलेल्या पोरींनी भरून. साहेब नेमके उतरायच्या फळीवर उभे होते. पोरींना उतरू द्यायला त्यांना बाजूला व्हावं लागलं.

खाला त्यात नव्हती. पलीकडं कुणाचं तरी विहिरीवरचं इंजिन बंद पडलंय म्हणून ती तिकडंच उतरली होती.