आक्कांनी राखलेल्या चार सऱ्या

आक्कांची आणि माझी शेवटची भेट साताऱ्याच्या दवाखान्यात झाली. दिवाळी नुकतीच सरली होती. हाताला सलाईन, नाकात नळी, आणि मी आत गेले तेव्हा त्यांची मान खिडकीकडे वळलेली. तब्येतीचं विचारायला मी तोंड उघडलं, तर त्यांनीच मला हाताने गप्प केलं. खाली गाड्या लावायच्या जागेत, दोन मोटारींच्या मधून, एक करडा-पांढरा पक्षी शेपूट वरखाली हलवत तुरुतुरु चालत होता. थंडीच्या सुरुवातीला आमच्याकडे येतो तो धोबी. "सकाळधरनं हिंडतोय. त्याला कुणी पास इचारत न्हाई," आक्का म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना खोकला आला. भेटीची वेळ संपेपर्यंत आम्ही त्या पाखराबद्दलच बोलत बसलो. आजाराबद्दल बोलायचं राहूनच गेलं... चौथ्या दिवशी पहाटे थोरल्या भावजींचा फोन आला. त्यांनी फक्त माझं नाव घेतलं, आणि मला कळलं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, भावजींची बायको. कोरेगावच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, आमची वस्ती आहे. दोन घरं, मधे एकच अंगण, मागे गोठा आणि चहूकडे ऊस. माझ्या नवऱ्याची नोकरी फौजेत, त्यामुळे संसाराची पहिली वीस वर्षं मी नवऱ्यापेक्षा जावेबरोबरच जास्त काढली. आक्का चौथी शिकलेल्या. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सगळं गाव मला बाई म्हणायचं म्हणून आक्काही मला बाईच म्हणायच्या. चिडवायचं असलं की मास्तरीणबाई. आमच्यात भांडणं झाली नाहीत असं मी म्हणणार नाही. पण अबोला कधी दिवसभर टिकला नाही, कारण संध्याकाळपर्यंत आक्कांना काहीतरी दिसलेलं असायचं आणि ते दाखवायला त्यांना मी लागायचे.

लग्नानंतर आठवडाभरातच त्यांनी मला दंडाला धरून परड्यात नेलं होतं. वाटलं, आता काहीतरी सासुरवाशिणीचं बौद्धिक ऐकावं लागणार. तर वांग्याच्या झाडाजवळ थांबून त्यांनी नुसती हनुवटी पुढे केली. एका पानाच्या दोन कडा कापसाच्या धाग्याने शिवलेल्या होत्या आणि आत शिंप्याचं घरटं होतं. मी नीट बघायला म्हणून बोट पुढे केलं, तशी त्यांनी माझी मूठच मिटवली. आमच्याकडे कोवळ्या काकडीकडे बोट दाखवत नाहीत, काकडी झडते म्हणतात. आक्कांनी तो नियम परस्पर पाखरांना, सरड्यांना, मुंगसाच्या पिल्लांनाही लावून टाकला होता. "आपुन नुसतं बघायचं. मोजमाप घ्यायचं न्हाई," असं त्या म्हणायच्या. मला शिंपी पक्षी पुस्तकातून पाठ होता, त्याचं इंग्रजी नावही येत होतं. झाडावर मात्र तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, हे मी आक्कांना कितीतरी वर्षं सांगितलं नाही.

एकदा कुंभारीण माशीने मिक्सरच्या प्लगच्या भोकात मातीचं घर बांधलं. झालं, पंधरा दिवस मिक्सर बंद! दोन्ही घरांची चटणी पाट्यावर वाटली गेली, आणि वाटायची पाळी अर्थातच माझ्यावर. मी कुरकुरले, भावजी कुरकुरले, आक्का ढिम्म. एका पावसाळ्यात उदमांजर कौलांवर बसून आमची पिकलेली पपई खायचं आणि बिया अंगणात टाकायचं. आक्का त्या बिया गोळा करून रोपं करायच्या आणि आल्यागेल्याला देताना सांगायच्या, रोप पाव्हण्याचं हाय, जपून लावा. कोण पाहुणा, ते सांगत नसत. आज गावात निम्म्या परड्यांत जी पपई आहे, ती अशी आलेली आहे.

पण मला लिहायचं आहे ते रानमांजराबद्दल. त्यात माझी अब्रू गेली आहे, तरी लिहिते.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्या वरच्या तुकड्यात ऊसतोड चालू होती. तोडीची पाळी म्हणजे काय ते उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. तोडणाऱ्यांची टोळी एकदा रानात शिरली की सगळा ऊस निघालाच पाहिजे. राहिला तर टोळी पुढच्या शेतात जाते आणि मग मागे फिरून कोण येतंय? दुपारी एका तोडणारणीला उसाच्या वाळल्या पाचटाखाली तीन पिल्लं दिसली. मांजराएवढीही नाहीत, पिवळसर, अंगावर फिकट पट्टे. कोयते थांबले. मी शाळेतून येत होते ती तशीच शेतात गेले, चष्मा लावला आणि निकाल देऊन टाकला: बिबट्या! एवढ्यावर थांबायचं, तर नाही. फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. 'आपल्या शिवारात बिबट्याची तीन पिल्ले आढळली आहेत. सर्वांनी सावध राहावे.' ऱ्हस्व-दीर्घ सगळं चोख.

तासाभरात बांधावर जत्रा भरली. मोटरसायकली आल्या, लेकुरवाळ्या बायका आल्या, शेजारच्या गावचे लोक आले. जो तो फोन उंच धरून पुढे सरकत होता. पिल्लं एकमेकांखाली तोंडं खुपसत होती. तेवढ्यात आक्का वैरणीचा भारा टाकून आल्या. पिल्लांकडे त्यांनी एकदाच पाहिलं. नंतर माणसांकडे पाहिलं. मग मला बाजूला घेतलं.

"बाई, ही बिबट्याची न्हाईत. रानमांजराची हाईत. म्हैनाभर बघतीया मी तिच्या आईला, बांधानं उंदरं धरती."

"मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

त्यांनी गर्दीकडे पाहिलं, एवढंच. राग नव्हता त्यात, हेच मला जास्त लागलं. मग म्हणाल्या, "एवढी माणसं हाईत तवर ती येत न्हाई. आन सांजच्याला न्हाई आली तर पिल्लं जगत न्हाईत. माझं कुणी ऐकायचं न्हाई गं. लिवलंस तू, आता तूच सांग."

अठ्ठावीस वर्षं शिक्षिका म्हणून गावात वावरलेली बाई मी. त्या बांधावर उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांच्या वह्यांवर मी लाल शाईने चूक म्हणून लिहिलेलं होतं. पण उसाच्या ढिगावर चढले आणि वर्गातला आवाज लावला. माझी चूक झाली, हा बिबट्या नाही, रानमांजर आहे, घरी जा. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आता तुमाला किती मार्क द्यायचं?" सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार! एक मात्र झालं. मांजर म्हटल्यावर लोकांचा रसच गेला. अर्ध्या तासात बांध मोकळा.

आता भावजी अडले. मांजरच आहे ना, मग पिल्लं उचलून बांधावर ठेवा आणि तोड संपवा, टोळी उद्या दुसरीकडे जायची आहे. मांजरासाठी उभा ऊस ठेवला तर गाव हसेल, असं त्यांचं म्हणणं. आक्कांनी वाद घातला नाही. पिल्लं होती त्या कोपऱ्यातल्या चार सऱ्यांपुढे, म्हणजे उसाच्या चार ओळींपुढे, जाऊन त्या खाली बसल्या, पदर सारखा केला आणि पाचटाच्या काड्या मोडत राहिल्या. टोळीतल्या बायकांनी आपापसांत काहीतरी डोळ्यांनी ठरवलं आणि कोयते घेऊन पलीकडच्या सऱ्यांना लागल्या. टोळीचा मुकादमही मग आडवा आला नाही. सांजेपर्यंत सगळं रान रिकामं झालं आणि कोपऱ्यात तेवढा चार सऱ्या ऊस उभा राहिला.

टोळी गेल्यावर आम्ही दोघी लांब, पाण्याच्या मोटारीच्या खोपीआड बसलो. डास चावत होते, मला हात उचलायची परवानगी नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटायला लागलं, आज नाही येत ती, आणि ते माझ्यामुळे. आणि आक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ओढ्याच्या अंगाने ती येत होती. उंच पायांची, बारीक शेपटीची, चार पावलं टाकून थांबणारी. उसात शिरली, तोंडात एक पिल्लू घेऊन निघाली. पुन्हा आली, दुसरं नेलं. तिसऱ्याच्या वेळी बराच उशीर केला तिने... आली. तिसरंही घेऊन गेली. मी पदराने डोळे पुसले. इतकी समाधानी मी माझ्या निवृत्तीच्या सत्कारातही नव्हते.

त्या चार सऱ्यांचं पुढे नव्या लागणीसाठी बेणं केलं. पण त्यानंतर दर वर्षी तोड आली की आक्का त्याच कोपऱ्यात चार सऱ्या राखायला लावायच्या. भावजी दर वर्षी कटकट करायचे, मुकादम दर वर्षी हसायचा. त्या सऱ्यांत नंतर मला तरी काही दिसलं नाही. आक्कांना विचारलं की म्हणायच्या, "हाय गं. येतंय, जातंय."

गेल्या आठवड्यात टोळी आली. आक्कांना जाऊन दोन महिने होत आले आहेत. मी चहाची किटली घेऊन शेतात गेले तेव्हा मुकादम भावजींना जरा चाचरतच विचारत होता, की यंदा कोपरा धरून सगळंच तोडायचं ना. भावजींनी कोपऱ्यातल्या उसाकडे पाहिलं. मला वाटलं, हो म्हणतील.

"त्या चार सऱ्या ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

"काय हाय का त्यात, काका?"

"ते तिला ठावं असायचं," भावजी म्हणाले. "आमाला कवा बघाय आलं?"

टोळी गेली. रान मोकळं झालं आहे, कोपऱ्यात ऊस उभा आहे. दिवस मावळायच्या सुमाराला मी खोपीआड जाऊन बसते. परवापासून भावजीही येऊन बसायला लागले आहेत, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. अजून दोघांनाही काही दिसलेलं नाही, पण ते उठत नाहीत आणि मीही उठत नाही.