आसामास्तरांचा पाय

आमच्या तिरोडीत लग्न असो, बारसं असो की माती, मास्तर बोलायला उभे राहिले की बायबलातला आसा राजा येणारच. सुरुवात ते कुठूनही करत. नोहाच्या तारवात बसले तरी दहा मिनिटांत यरुशलेमात आसाच्या दारी उतरत. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला आसाच्या म्हातारपणाबद्दल इतकं ऐकवलं, की तिच्या सासूने आईला हळूच विचारलं, यांच्या घरी कोणी वारलंय का? आईने कपाळाला हात लावला. त्यांचं खरं नाव गावात फारसं कोणी घेत नसे, सगळे आसामास्तरच म्हणत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्याकडे शिंप्याला मास्तर म्हणतात. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आणि पायाने चालवायचं मशीन. आमची चर्चची मंडळी छोटी, बहुतेक खाणीत कामाला. पाळक, म्हणजे पाद्री, बालाघाटहून महिन्यातून एकदा येत, बाकीचे रविवार मास्तरांचे. बायबल हिंदी, कारण मंडळीत छत्तीसगढची, बिरसा तालुक्याकडची माणसंही होती. समजावणं मात्र अर्धं हिंदीत, अर्धं आमच्या बोलीत.

आसाची गोष्ट ते अशी सांगत, की राजा त्यांच्याकडेच कपडे शिवायला टाकून गेलाय असं वाटावं. तरुणपणी हा राजा खरा. घरच्या राजमातेने बसवलेली मूर्ती त्याने तोडली. लाखोंचं सैन्य अंगावर आलं तेव्हा हात जोडले आणि जिंकला. पुढे मात्र बिघडला. संकट आलं तर देवाच्या घरातलं सोनं काढून परक्या राजाकडे पाठवलं, आणि चुकलास म्हणून सांगायला आलेल्या द्रष्ट्याला कैदेत टाकलं. मग पायाला रोग लागला आणि तो वैद्यांच्या मागे गेला. इथे मास्तर बोट वर करत. "देवही अन् डाक्टरही, असं नाही जमत. एका कापडाले दोघांनी कैची लावू नये." आम्ही सगळे माना डोलवायचो. मीसुद्धा.

रत्नाकाकू, त्यांची बायको, पहिल्या बाकावर बसून ऐकायची. तोंडाला पदर लावून हसायची, कारण पुढचं वाक्य तिला पाठ असायचं. तिच्या छातीत गाठ झाली तेव्हा मी बालाघाटला कॉलेजात होते. ती दवाखान्यात गेली नाही. दोन वर्षं मंडळी तिच्या खाटेभोवती बसून प्रार्थना करत होती. मी होस्टेलच्या मुलींना अभिमानाने सांगायचे, आमच्या काकूने एक गोळी घेतली नाही. ती गेली तेव्हा सगळे म्हणाले, विश्वास असावा तर असा. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पुढे मी बालाघाटच्या एका शाळेत हिंदी शिकवायला लागले. सुट्टीत घरी गेले, तर मास्तर डाव्या पायाने मशीन चालवत होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला सुई लागली होती, म्हणे. फडकं सोडायला लावलं तर अंगठा काळा पडलेला, आणि वास. चर्चमध्ये लोक एक बाक सोडून बसू लागले होते, पण तोंडाने बोलायला कोणी तयार नाही. साखरेचा आजार असणार, गोंदियाला दवाखान्यात चला, म्हणून मी भांडले. ते शांतपणे म्हणाले, आसाचं का झालं ते तुले माहीत आहे ना. माझं डोकंच फिरलं. आसाचा पाय आसाला, तुमचा तुम्हाला, असं फाडकन बोलून मी निघून आले.

नंतर सहामाहीचे पेपर तपासत होते. एका पोराने लिहिलं होतं, 'मैं ही चलूँगा.' त्याला म्हणायचं होतं, मीही येईन. मराठी घरातली पोरं ही चूक दरवर्षी करतात आणि मी दरवर्षी लाल गोल काढून शिकवते, की बाबा रे, मराठीतला 'ही' म्हणजे सुद्धा, हिंदीतला 'ही' म्हणजे फक्त. त्या दिवशी गोल काढता काढता हात थांबला. उठून हिंदी बायबल काढलं. आसाच्या शेवटच्या ओळींत होतं, 'वैद्यों ही की शरण ली'. राजा वैद्यांकडेही गेला, असं नव्हतं ते. तो फक्त वैद्यांकडे गेला, देवाला विसरला, एवढीच तक्रार होती. दवाखान्याला कोणी नाही म्हटलंच नव्हतं. आमच्या मराठी कानांनी ती ओळ इतकी वर्षं उलटी ऐकली, आणि त्या कानांत हिंदी एम. ए. झालेले माझेही दोन होते.

शनिवारी मी तिरोडी गाठली. मास्तरांच्या पुढ्यात पुस्तक ठेवून सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. ओळीखाली बोट फिरवत चार-पाच वेळा वाचलं. आता हाकलतात की काय, म्हणून मी चपलेत पाय घातलेच होते.

"सांगणारा आला तं आसानं त्याले कैदेत टाकलं," ते म्हणाले. "तू बस. मी चहा ठेवतो."

चहा माझ्या हातात दिला आणि पुस्तक पुन्हा पुढ्यात ओढलं.

दुसऱ्या दिवशी काठीच्या आधाराने ते मंडळीसमोर उभे राहिले. म्हणाले, मी चुकीचं शिकवलं. 'ही' म्हणजे फक्त. दवाखान्यात जात जा, प्रार्थनाही करत जा, मले माफी द्या. खाणीतला एक म्हातारा उठला. त्याचा मुलगा मास्तरांच्याच सल्ल्याने घरीच तापात गेला होता. तो मास्तरांकडे बघत उभा राहिला, मग बाहेर गेला आणि पुन्हा कधी चर्चला आला नाही.

मी भाड्याची गाडी केली आणि मास्तरांना घेऊन गोंदियाला निघाले. बालाघाट मागे पडलं. राजेगावजवळ एकदम म्हणाले, "रत्नानं मागतलं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"मले दवाखान्यात घेऊन चाला, म्हणे. दोनदा म्हणाली. मी तिले आसाचा पाठ वाचून दाखवला. मंग पुन्हा नाही म्हणाली ती." मग म्हणाले, "शैलाले वाटते, माय राजीखुशीनं गेली. तिले तू सांग. माह्यात हिंमत नाही."

शैला म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, नागपूरला दिलेली. गोंदियात मास्तरांचा पाय गुडघ्याच्या वर कापला. विष अंगभर गेलं होतं. आठव्या दिवशी ते गेले.

मातीच्या दिवशी शैला माझ्या गळ्यात पडून रडली. आईबाबा दोघं विश्वासात गेले, म्हणाली. बाबा शेवटी काही बोलले का, असं तिने विचारलं. तुझं नाव काढलं, एवढंच मी म्हणाले. खोटं नव्हतं, पण बाकीचं सगळं गिळलं. तिची ती अवस्था बघून मला धीर झाला नाही, आणि नंतर दर वेळी फोनवर वाटायचं, आज नको.

यंदा उन्हाळ्यात तिचा फोन आला. खुशीत होती. त्यांच्या मंडळीतल्या एका बाईच्या छातीत गाठ निघालीय, ऑपरेशन ठरलं होतं, पण मी तिला आईची गोष्ट सांगितली, म्हणाली. आता ती बाई नको म्हणतेय, प्रार्थनेवर बसलीय. ताई, तुम्हीपण तिच्यासाठी प्रार्थना करा.

मी म्हटलं, "शैला, ऐक. तुझ्या आईनं दवाखाना मागितला होता. दोनदा. बाबांनी मला सांगितलंय. त्या बाईला आजच्या आज घेऊन जा."

तिने फोन कापला. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. त्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नाही, आणि ती दवाखान्यात गेली की नाही हे सांगायलाही कोणी नाही.