बटणताईची रेघ

तिच्या दुकानात एकशे बारा खण होते आणि प्रत्येक खणात एकाच जातीची बटणं. दोन भोकांची, चार भोकांची, मागे कडी असलेली, कोटाची, उशीच्या अभ्र्याची. कुणी हरवलेल्या बटणाचा जोड मागायला आलं की ती मान वर न करता हात मागे न्यायची आणि बरोबर तोच खण ओढायची. कपडे लहानमोठे करून देणं, चेन बदलणं, बाह्या आखूड करणं हे पोटापाण्याचं काम. पण गल्लीत तिचं नाव बटणताई पडलं ते त्या खणांमुळे. नवरा बंदरात क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर एकटा बसून येत असल्यामुळे घरी फारसा बोलत नसे आणि बोलला तर सगळं वरून दिसत असल्यासारखा बोले.

बटणताईला आयुष्यात दोनच गोष्टी जमल्या नाहीत. एक, काळजी न करणं. लेक सव्वीस वर्षांची झाली, नोकरीला लागली, लग्न ठरलं, तरी घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला की ही दारात जाऊन उभी. दुसरी, धाकट्या जावेचं कौतुक ऐकून घेणं.

धाकटी जाऊ वाईट असती तर सोयीचं झालं असतं. ती वाईट नव्हती. हॉस्पिटलात मोडक्या हातापायांना प्लास्टर घालायची. धांदरट, हसरी, घरात कायम पसारा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पुतणीवर जीव. पुतणीचाही तिच्यावर. घोडं इथेच पेंड खात होतं.

दर रविवारी सकाळी ही जाऊ जुना मेटल डिटेक्टर खांद्याला लावून समुद्रावर जायची. त्याच्या मुठीला प्लास्टरची पट्टी गुंडाळलेली. स्क्रीन नाही, आकडे नाहीत. वाळूखाली काहीही असो, खिळा की सोनं, मशीन एकच सूर काढायचं. मग जाऊ गुडघ्यावर बसायची आणि चाळणीच्या फावड्याने उकरायची. बरोबर लेक. कधी नाणं मिळायचं, कधी चमचा, बहुतेक वेळा बाटल्यांची झाकणं आणि चुरगळलेला चंदेरी कागद. तरी दोघी हसत परत यायच्या. एकदा जावेने कुण्या नवरीची अंगठी शोधून दिली. पेपरात फोटो आला. लेकीने तो कापून फ्रिजवर लावला.

बटणताई रोज त्या फोटोसमोर उभी राहून दूध काढायची.

"काढून टाक तो," नवरा म्हणाला. "नाहीतर नुसत्या बघण्याने दूध नासेल."

"मला काय त्याचं," ती म्हणाली आणि त्याच आठवड्यात मशीन घ्यायला गेली.

दुकानातल्या माणसाने तीन मशीनं काउंटरवर मांडली. "कुठे फिरवणार, ताई? कोरड्या वाळूत की ओल्या?"

"दोन्हीकडे."

"मग ही स्वस्तातली नको. हिची एकच फ्रिक्वेन्सी. कोरड्यात गुणी आहे, पण ओल्या खाऱ्या वाळूत मिठालाच धातू समजते आणि पिसाळल्यासारखी ओरडत सुटते. ही मधली एकदम बऱ्याच फ्रिक्वेन्सी पाठवते. मीठ कुठलं, धातू कुठला, तिला कळतं."

"आमच्या ओळखीत एकीकडे बिनस्क्रीनची आहे."

"ती पल्सवाली. मिठाला अजिबात दाद देत नाही, खोलवरचं ऐकते. पण सगळं उकरायला लावते. कमरेचे हाल."

एवढं ऐकून बटणताईला बरं वाटलं. तिने मधल्या मशीनवर बोट ठेवलं. त्या माणसाने स्क्रीन दाखवली. प्रत्येक धातूचा आपला आकडा. लोखंड खालच्या आकड्यांत, जाड नाणी वरच्या. नको असलेले आकडे बंद करता येतात, मग मशीन त्यांच्यावरून मुकाट्याने निघून जातं. "पण तसं करू नका," तो म्हणाला. "बारीक सोनं आणि डब्याच्या झाकणाची कडी बऱ्याचदा एकाच आकड्यावर येतात. कचरा बंद केलात तर सोनंही बंद."

तिने मान डोलावली. तिच्या डोळ्यांसमोर मात्र खण दिसत होते. प्रत्येकाचा आकडा, प्रत्येकाची जागा.

पुढच्या रविवारी तिघी समुद्रावर गेल्या. म्हणजे त्या दोघी गेल्या आणि बटणताई त्यांच्याबरोबर गेली. मशीन पुढे टाकून ती भराभर चालू लागली तशी जाऊ मागून म्हणाली, "वहिनी, ती खालची चकती, कॉइल, झाडू मारल्यासारखी टोकाला वर उचलू नका. इस्त्री फिरवतो तशी फिरवा. वाळूला लागून, सावकाश, आणि आधीचा अर्धा पट्टा परत घेत."

दाखला चपखल होता आणि तोही हिच्याच धंद्यातला. बटणताईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिने इस्त्री फिरवल्यासारखी फिरवली आणि लगेच नाणं लागलं, ते आणखी झोंबलं.

तीन रविवार तिने चंदेरी कागद उकरले. चौथ्या रविवारी तिने ते आकडे बंद केले. मशीन शहाण्यासारखं गप्प झालं. आता तिचे खड्डे मोजके आणि पिशवी स्वच्छ. जाऊ मात्र घटकाघटकाला गुडघ्यावर.

"काय गं, समुद्र झाडायला येतेस का?" बटणताई म्हणाली.

"कुणीतरी झाडायला हवा ना, वहिनी," जाऊ म्हणाली. लेक खळखळून हसली. चिमटा हिने काढला होता आणि हसू तिला मिळालं.

तिथे वाळूत शोधणाऱ्यांचा एक रिवाज होता. आपला पट्टा तपासून झाला की टाचेने आडवी रेघ मारायची. रेघ म्हणजे इथे आता काही नाही. भरती येऊन ती पुसून टाकेपर्यंत दुसरं कुणी त्या पट्ट्यात मशीन लावत नसे. कुणाच्या रेघेवर शंका घेणं म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडणं. बटणताईची रेघ फुटपट्टीने आखल्यासारखी सरळ असायची.

आणि मग तो शनिवार आला. संध्याकाळी जावेचा फोन. "वहिनी, घाबरू नका. पोरीची अंगठी समुद्रावर पडलीय. साखरपुड्याची. माझ्याकडेच बसलीय ती. उद्या पहाटेच्या ओहोटीला तुमचं मशीन घेऊन या."

अंगठी साधी नव्हती. होणाऱ्या नवऱ्याच्या आजीने स्वतःच्या बोटातून काढून घातलेली, बारीक, झिजलेली. आणि दुसऱ्या दिवशी एक वाजता तीच आजी मुलाकडच्या सगळ्यांबरोबर जेवायला यायची होती.

बटणताईने हे सगळं ऐकलं, पण तिच्या कानात एकच वाक्य रुतून बसलं. माझ्याकडेच बसलीय ती. मशीनचं कारण म्हणावं तर आता मशीन हिच्याकडेही होतं, आणि चांगलं होतं.

लेक घरी आल्यावर तिने विचारलंच. "आधी काकूकडे का गेलीस?"

लेकीने चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. "तुला सांगितलं की आधी तुझी समजूत घालावी लागते, आई. मग माझी पाळी येते. आज माझ्यात तेवढा दम नव्हता."

नवऱ्याने पेपर तोंडासमोर आणखी वर धरला.

रविवारी उजाडता उजाडता दोघी जावा ओल्या वाळूवर उभ्या होत्या. आदल्या दिवशी लेक मैत्रिणींबरोबर चेंडू खेळली होती ती जागा जीवरक्षकांच्या मनोऱ्यापासून दगडी पायऱ्यांपर्यंत. मधोमध टाचेने खूण केली. मनोऱ्याकडची बाजू जावेची, पायऱ्यांकडची बटणताईची. दहापर्यंत पाणी परत येणार होतं.

बटणताईने त्या दिवशी जीव ओतला. एकही पट्टा सुटू दिला नाही. कानाला हेडफोन, डोळे स्क्रीनवर. मला सापडू दे, एवढंच ती म्हणत होती. अंगठी सापडू दे, असं नव्हे. मला सापडू दे. दोन नाणी आणि एक किल्ली मिळाली. साडेआठला ती पायऱ्यांपाशी पोचली आणि तिने रेघ मारली. तिकडे जाऊ अजून आपल्या अर्ध्या भागातही आली नव्हती, प्रत्येक कागदापुढे गुडघे टेकत होती. बटणताईला तिचा राग आला आणि मग वाटलं, आता अंगठी तिच्याच बाजूला असणार. तिलाच सापडणार. परत पेपर, परत फ्रिज.

लेक थर्मास घेऊन आली. पहिला कप घेऊन ती सरळ काकूकडे गेली.

बटणताई पायरीवर बसली. मशीन मांडीवर आडवं घेऊन तिने हातमोजे काढले. तिचा डावा हात कॉइलवरून गेला, कप धरायला पुढे झाला, पुन्हा कॉइलवरून मागे आला. बोटात तिची स्वतःची अंगठी होती, लग्नातली, पंचवीस-तीस वर्षं सुई धरून झिजलेली.

मशीन गप्प होतं.

तिने कप खाली ठेवला. अंगठी काढून वाळूवर ठेवली आणि वरून कॉइल फिरवली. इस्त्रीसारखी, सावकाश. काही नाही. मग तिने सगळे धातू चालू करायचं बटण दाबलं आणि पुन्हा फिरवली. मशीनने लगेच तोंड उघडलं. स्क्रीनवर आकडा आला. चंदेरी कागदाचा. तिनेच बंद केलेला.

तिने वळून आपल्या रेघेकडे पाहिलं. साडेसहापासून साडेआठपर्यंत ती कदाचित त्याच अंगठीवरून चालत गेली होती, आणि वर रेघ मारून आली होती. ती रेघ आहे तोवर त्या वाळूकडे कुणी ढुंकून बघणार नव्हतं.

पहिला विचार आला तो हाच की कुणाला कळता कामा नये. ती उठली आणि "पुन्हा एकदा बघते" असं पुटपुटत एकटीच वरच्या अंगाने सुरू झाली. आता मशीन थांबायलाच तयार नव्हतं. कागद, कडी, कागद, कागद. वीस मिनिटांत सात पावलं. पाणी वळलं होतं. खालचा एक पट्टा ओला चकचकीत झाला, मग दुसरा. तिने हिशेब केला: एकटीने निम्मंही होणार नाही. जिचं मशीन खोलवरचं ऐकतं आणि काहीच गाळत नाही अशी बाई शंभर पावलांवर होती, आणि ती बाई हिच्या रेघेचा मान राखून पलीकडेच थांबली होती.

लेक वर उभी राहून बोटाची रिकामी जागा चोळत होती. लहानपणी परीक्षेच्या सकाळी ती असंच बोट चोळायची.

बटणताई रेघेपाशी गेली आणि पायाने ती पुसायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिने हाक मारली, "इकडे ये. पाण्याच्या बाजूने सुरू कर."

"पण वहिनी, तुम्ही रेघ..."

"ती खोटी आहे. मी बारीक सोनंच बंद करून ठेवलं होतं."

बटणताई टोमण्यासाठी अंग घट्ट करून उभी राहिली. जावेने टोमणा मारला नाही. "मी खालून येते, तुम्ही वरून या," एवढंच म्हणाली आणि घोट्यापर्यंत पाण्यात उतरली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दहाला पाच कमी असताना जावेचं मशीन घुमलं. तिने फावडं खुपसलं, चाळणी पाण्यात हलवली आणि अंगठी धरलेला हात वर केला. लेक धावली ती काकूच्या गळ्यातच पडली. दोघी पाण्यात धपकन बसल्या आणि हसत-रडत राहिल्या. बटणताई दहा पावलांवर मशीन धरून उभी होती. तिचा जीव भांड्यात पडला होता आणि त्याच वेळी पोटात दुखतही होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"आईच्या बाजूला कशी काय सापडली?" लेकीने विचारलं.

जावेने तोंड उघडायच्या आत बटणताई म्हणाली, "माझी चूक झाली होती. ती सांगायलाही मी वीस मिनिटं लावली."

लेक तिच्याकडे बघत राहिली.

साडेअकराला जाऊ कपडे बदलायला आपल्या घरी गेली. बटणताई स्वयंपाकघरात होती. लेक दारात येऊन उभी राहिली. "आई, ही सैल आहे. महिनाभर सैल आहे. आज जेवताना परत निसटली तर?"

महिनाभर? आणि मला आज सांगतेस? लहान करून का नाही घेतलीस? वजन उतरलंय का तुझं? नीट जेवतेस का? सगळे प्रश्न ओठांपर्यंत आले. बटणताईने हात पुसले आणि विचारलं, "कुठल्या बोटात घालायचीय?"

ती लेकीला दुकानात घेऊन गेली, खालच्या ओळीतला खण ओढला आणि सोन्याच्या रंगाचा रेशमी धागा काढला. अंगठीच्या आतल्या बाजूला एकेक वेढा शेजारी शेजारी बसवत गेली. लेक स्टुलावर बसून बघत होती. बघता बघता बोलायला लागली. त्या आजीची मला भीती वाटते, म्हणाली. लग्नाचीच थोडी भीती वाटते. काकूला हे नाही सांगितलं, ती हसण्यावारी नेते.

बटणताईने घाबरून प्रश्नांचा भडिमार केला नाही. ऐकत राहिली. नऊ वेढ्यांत अंगठी पक्की बसली असती. तिने चौदा घातले, सावकाश.

पुढच्या रविवारी तिने सगळे आकडे चालू ठेवले. दोन तास गुडघ्यांवर काढले. परतताना कचऱ्याच्या डब्यापाशी दोघींनी पिशव्या उलट्या केल्या. जावेच्या पिशवीतून कागद, कड्या, झाकणं, खिळे पडत राहिले, संपेनातच. बटणताईचा ढीग त्याच्या जेमतेम निम्मा.

तिला तेही बघवलं नाही.