रुईच्या पानामागे

शनिवारी सकाळी सात वाजता, आमच्या कॉलनीच्या कुंपणालगतच्या रुईवर, उडायला अगदी तयार झालेलं एक फुलपाखरू मारलं गेलं. मारलं शेजारच्या सुमनकाकूंनी. मारुतीला घालायच्या माळेसाठी त्या रुईची पानं तोडत होत्या.

त्या फुलपाखराचं अंडं मी पाहिलं होतं. मग पट्ट्यापट्ट्यांची अळी पाहिली. ती रुईचा विषारी चीक अंगात साठवते, म्हणून पक्षीसुद्धा तिच्या वाटेला जात नाहीत. मग पानाखाली लटकलेला कोष. त्या सकाळी तो इतका पातळ दिसत होता, की आत घडी घातलेले केशरी पंख ओळखू येत होते.

"काकू, ते पान राहू द्या. खाली जीव आहे."

"कीड आहे ती. मारुतीला किडकं पान घालू होय गं?" म्हणत त्यांनी अंगठ्याने कोष चिरडून पुसून काढला. "तुझं ते झाडं वाचवायचं आंदोलन तिकडे पालिकेत कर."

अंगठ्याला केशरी डाग लागला. तो पदराला पुसून त्यांनी पान टोपलीत ठेवलं.

हे सगळं काकूंच्या मुलाची साडेसाती टळावी म्हणून. विष पचवून, चोचींतून वाचून जो जीव इथवर आला, त्याची साडेसाती आपण झालो. वर आपल्याला वाटतं, पुण्य लागलं.

माळ जरूर घाला. पण पान तोडण्याआधी ते उलटून बघा, आणि खाली कुणी असेल तर हात मागे घ्या.