गादी फिरवताना

गादीला ऊन दाखवायचं आणि डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवायची, हा आमच्या घरात ह्यांचा नियम. तसं केलं नाही तर कापूस एका जागी बसतो, गाठी होतात आणि गादी लवकर जाते, असं हे सांगत असतात. परवा दिवसभर गच्चीवर ऊन खाऊन ती छान हलकी झाली होती. संध्याकाळी आम्ही दोघांनी ती खाली आणली. पलंगावर टाकताना ह्यांच्या हातून टोक सुटलं.

"घसरलं," हे म्हणाले.

पुन्हा उचलली, पुन्हा सुटलं. उजव्या हाताची बोटं मिटतच नव्हती.

"जड झालीय गं. कापसानं ओल धरलीय."

"अहो, दिवसभर उन्हात होती!"

ह्यांनी तो हात डाव्या हातानं चोळला आणि गुपचूप खिशात घातला.

गादी मग मी एकटीनंच ओढून नीट केली. इतकी वर्षं आम्ही तिला जपलं, खड्डा पडू दिला नाही, कुबट वास येऊ दिला नाही. तिच्यावर निजणाऱ्या देहाकडे मात्र कधी असं निरखून पाहिलं नव्हतं. शर्टाची बटणं लावायला ह्यांना हल्ली इतका वेळ का लागतो, ते आत्ता कुठे ध्यानात येत होतं.

मी चहा दिला. ह्यांनी कप दोन्ही हातांनी धरला.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ या," मी म्हटलं.

दवाखान्याचं नाव काढलं की चिडणारा हा माणूस. पण हे मुकाट्यानं "बरं" म्हणाले.